भुसारवाल्याच्या कुत्र्याला धान्य बंद

मला एक सांगा. माणसानं विश्वास कोणावर ठेवावा? शिकलेल्या डॉक्टरवर, लग्नाच्या बायकोवर, की स्वतःच्या दाढेवर? घाई नाही. चहा घ्या, ऐकून घ्या, मग सांगा.

नाशकात रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत माझं भुसाराचं दुकान आहे. गहू, बाजरी, मका, तांदूळ. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण पोत्यांवर बसून झालं. धान्याच्या दुकानाचं असं असतं की पोतं कितीही जपून उचला, खाली चार दाणे राहतातच. किश्शांचंही तसंच आहे. रोज एखादा सांडतो, आपण गिऱ्हाईकाच्या नादात असतो, आणि एक दिवस झाडू मारायला घ्यावा तर कोपऱ्यात पायलीभर साठलेले निघतात!

त्यातले एका कुत्र्याचे तेवढे आज सांगतो. हसायला हरकत नाही. बहुतेक ठिकाणी हसं माझंच झालेलं आहे.

*

कुत्र्याचं नाव लोकवन. होय, गव्हाचंच नाव.

दोन हजार सालाच्या सुमाराला आमच्या एका बेकरीवाल्या गिऱ्हाईकानं पिल्लू आणून दिलं. अर्धं लॅब्रेडॉर, उरलेलं अर्धं आमच्याच गल्लीतलं. त्या वेळी समोर लोकवन गव्हाचा ढीग ओतलेला होता. पिल्लू त्यावर बसलं आणि दिसेनासंच झालं! इतका रंग जुळला. तिथंच नाव पडलं.

ठेवलं होतं उंदरांसाठी. महिन्याभरानं आमचा हमाल रंगनाथ मला हळूच पोत्यांच्या मागं घेऊन गेला. हा रंगनाथ इगतपुरीकडचा, माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या झालेल्या, तीस वर्षं माझ्याकडं. कमी बोलतो. म्हणाला, "शेठ, बघा."

लोकवन आडवा पसरला होता. समोरून उंदीर आला. लोकवननं डोळा उघडला, नाक उचललं आणि अंग चोरून उंदराला वाट करून दिली.

"शेठ," रंगनाथ म्हणाला, "गिऱ्हाईकाला कसं वागवायचं ते बरोबर शिकलाय."

*

सातव्या वर्षी लोकवनला खाज सुटली.

आधी कान, मग पोट, मग पंजे. मागच्या पायानं पोट खाजवायला लागला की तो पाय फळीवर धडधड आपटायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "आत सुतारकाम काढलंय का?" कडुनिंबाचं पाणी झालं, गंधक झालं, खोबरेल झालं. खोबरेल त्यानं चाटून साफ केलं आणि आणखी मागितलं! पोटावरचे केस गेले, कातडी लाल झाली. शेवटी शेवटी रक्त यायला लागलं, तेव्हा मात्र माझी थट्टा थांबली.

गंगापूर रोडला जनावरांच्या एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वय माझ्या लेकीएवढं, नजर इन्कमटॅक्सवाल्याची. मी आणि रंगनाथ लोकवनला त्यांच्याकडं घेऊन गेलो.

"काका, हा खातो काय?"

"विशेष काही नाही. साधंच."

"साधं म्हणजे?"

"सकाळी पोळी, दुपारी भाकरी, संध्याकाळी भात."

"म्हणजे सगळं धान्यच."

"मग? कुत्रा कोणाचा आहे!" मी छाती काढून म्हटलं.

बाईंनी कागदावर लिहिलं, "धान्य बंद." मग म्हणाल्या, "आठ आठवडे एक दाणाही नाही. फक्त कोरडं, ग्रेन-फ्री खाणं. सोबत पाणी. बस."

"अहो डॉक्टर, मी भुसारवाला. माझ्याच कुत्र्यानं धान्य सोडलं तर गिऱ्हाईकानं काय समजायचं?"

"गिऱ्हाईकाला खाज आहे का?"



मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. धान्याचाच दोष आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दोष कशाचा, हे शोधायचं होतं. त्यासाठी आधी सगळं थांबवायचं आणि एक वही ठेवायची. तोंडात जाईल ते लिहायचं, रोजची खाज लिहायची.

"आणि नाही सापडलं तर?"

"तर जन्मभर इंजेक्शन. खाज थांबेल. पण ती इंजेक्शनं आतून पोखरतात, काका. मला ती नको आहेत. सगळं तुमच्या वहीवर आहे."

"वहीची काळजी करू नका," मी म्हटलं. "बाजारात माझ्या वहीवर लोक डोळे मिटून सही करतात!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरायला फार आवडलं असतं.

*

खाणं मुंबईहून आलं. परदेशी पिशवी, चकचकीत. तिच्या किमतीत माझ्याकडचा तीन पोती गहू आला असता. पण कुत्र्याच्या पोटाकडं बघितलं आणि पैसे दिले.

आता आमच्या धंद्याची एक सवय सांगतो. नवा माल आला की आधी वानगी घ्यायची, म्हणजे नमुन्याची मूठ. तळहातावर घेऊन फुंकर मारायची, वास घ्यायचा आणि दोन दाणे दाढेखाली फोडायचे. कट्‌ असा आवाज आला तर माल कोरडा, दाणा दबला तर ओला. चाळीस वर्षं माझ्या दुकानात वानगी चावल्याशिवाय एक पोतं उतरलेलं नाही.

पिशवी फोडली. मूठ भरली. फुंकर मारली. आणि हात आपोआप तोंडाकडं गेला!

कट्‌! माल एकदम कोरडा. मी खूश होऊन ती मूठ ताटलीत काढली आणि ताटली गल्ल्याशेजारी ठेवली. वानगी तिथंच ठेवतात.

समोरचे गूळ-खोबऱ्याचे व्यापारी छगनशेठ रोज अकराला माझ्याकडं चहाला येतात. आमच्या बाजारात ताटलीतल्या वानगीला विचारून हात लावायची पद्धत नाही. त्यांनी बसता बसता चार दाणे उचलले, दाढेखाली फोडले आणि मान डोलावली.

"ओल नाही अजिबात! वाटाणा आहे का हा? कुठला?"

"परदेशी आहे."

"मला पन्नास किलो ठेवा."

"छगनशेठ, हे लोकवनचं खाणं आहे."

त्यांनी चघळणं थांबवलं. पिशवी ओढून घेतली. इंग्रजी दोघांनाही येत नाही, पण चित्रं कळतात. पिशवीच्या एका बाजूला कुत्र्याचं चित्र होतं, दुसऱ्या बाजूला माशाचं.

छगनशेठ बराच वेळ पिशवी इकडून तिकडं फिरवत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वामनशेठ, या दोघांतलं आपण कोण खाल्लं?"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मासा आणि बटाटा, त्या म्हणाल्या. आम्ही दोघं पिढीजात शाकाहारी! तसेच उठलो आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो. पौषातली थंडी. रामकुंडावर दोन व्यापारी भर दुपारी कुडकुडत डुबक्या मारताहेत, आणि ओळखीचे लोक कठड्यावरून विचारताहेत, "घरात काही झालं का हो?"

तिसरी डुबकी मारून वर आलो तर छगनशेठ दात वाजवत म्हणाले, "एक खरं सांगू का?"

"सांगा."

"चव वाईट नव्हती."

*

सौभाग्यवतीनं, म्हणजे आमच्या सुमननं, पिशवी घराच्या उंबऱ्याबाहेरच अडवली.

"मासा माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही."

"मग कुठं ठेवू?"

"दुकानात. आणि दाढ घासेपर्यंत तुम्हीही तिथंच राहा."

पिशवी दुकानात राहिली, तांदळाच्या शेजारी. नाशकात उन्हं तापायला लागली तसा तांदळाला वास यायला लागला. एकजण पोत्यात नाक घालून म्हणाला, "नवा तांदूळ आहे का?" मी म्हटलं, "फारच नवा." तो घेतल्याशिवाय गेला. दुसराही गेला.

मग द्वारका चौकाजवळ खानावळ चालवणाऱ्या एक बाई आल्या. माहेर कोकणातलं. त्यांनी पोत्यात हात घातला, ओंजळ नाकापाशी नेली आणि डोळेच मिटले.

"शेठ, हा आमच्याकडचा तांदूळ. हो ना? खाडीकाठचा?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. वारं कुठून येतंय ते बघत राहिलो.

"दोन पोती पाठवा!"

पुढच्या महिन्यात त्या परत आल्या. म्हणाल्या, "या वेळचा तांदूळ तसा नाही हो." काय करणार! पिशवी तोपर्यंत अर्ध्यावर आली होती.

*

सटाण्याकडचा एक शेतकरी मका विकायला आला होता. लोकवनच्या वाटीत तपकिरी गोळ्या बघून त्यानं विचारलं, "शेठ, हाई काय शे?"

"कुत्र्याचं खाणं. यात धान्य अजिबात नसतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

तो वाटीकडं बघत राहिला. मग स्वतःच्या भरलेल्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मंग आमना मका कोन खाई?"

त्या दिवशी मी भावात घासाघीस केली नाही. तोंडच राहिलं नव्हतं.

*

आता वहीचं ऐका.

वही मी स्वतः लिहायचो. तारीख, सकाळी किती गोळ्या, संध्याकाळी किती. शेवटचा रकाना खाजेचा. तो मात्र सुमन लिहायची, कारण संध्याकाळी लोकवन घरी यायचा आणि रात्रभर तिच्या पायाशी झोपायचा. तिच्या रकान्यात बारीक अक्षरात "आज फार", "आज पंजे", "आज रडला" असं असायचं.

सहा आठवडे झाले. खाज तशीच. मधे थोडे दिवस बरं वाटलं होतं, मग पुन्हा सुरू. मी वही घेऊन लोकवनसकट दवाखान्यात गेलो. बाईंनी पानं उलटली. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"काका, माझे वडील मुनीम होते."

"वा! कुठं?"

"ते म्हणायचे, इतकी स्वच्छ वही एकतर देवाची असते नाहीतर चोराची."

मी म्हटलं, "बाई, माझ्या वहीत खोट निघाली तर मिशी उतरवीन!"

"मिशी राहू द्या. त्याला काट्यावर ठेवा."

ठेवला. सहा आठवड्यांत वजन दोन किलोनं वाढलेलं!

"पिशवीतलं खाणं तुम्ही मापात देता. तेवढ्यावर हा वाढायला नको," त्या म्हणाल्या. "हे दोन किलो कुठून आले?"

वजनकाट्यापुढं मी जन्मात कधी वाद घातलेला नाही. काटा खोटा म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मीच दुकानाबाहेर काढतो. गुपचूप कुत्रा उतरवून घेतला.

"काका, दोन आठवडे राहिलेत," बाई म्हणाल्या. "मग मला इंजेक्शनं सुरू करावी लागतील. उद्या मी स्वतः दुकानात येते. तोपर्यंत घरातला चोर शोधून ठेवा."

लोकवन टेबलाखाली बसून स्वतःचा पंजा कुरतडत होता. रस्त्यानं येताना मी त्याला म्हटलं, "नावं सांगितलीस तर बरं होईल रे." तो माझा हात चाटत राहिला. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

*

त्या संध्याकाळी दुकानात कोर्ट भरलं. न्यायाधीश मी.

पहिली सुमन. "शेवटची पोळी," ती शांतपणे म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. माझ्या सासूबाईंनी शिकवलंय. तुमच्याच आई त्या. ती पोळी मी कुत्र्याला द्यायची नाही तर कोणाला द्यायची? तुम्हाला?"

"अगं, पण डॉक्टरांनी धान्य बंद सांगितलंय!"

"खाणं बंद सांगितलंय. पोळी त्याच्या नावची असते, ती खाण्यात कशी येईल?"

पुढचे छगनशेठ. त्यांनी सुरुवातीलाच कानावर हात ठेवले. "मी काही देत नाही. माझ्या हातातला गुळाचा खडा तो घेतो. घेणं आणि देणं यात फरक आहे, वामनशेठ!"

मग रंगनाथ. "शेठ, माझ्या भाकरीतला चतकोर. रोज. बाजरीची."

"का रे?"

"तो समोर बसतो ना. समोर कुनी बसलं असंल तर मला एकट्याला जात नाय."

मी सगळ्यांना मनसोक्त झापलं. वहीचं पावित्र्य काय असतं, एका माणसाच्या खोटेपणानं अख्खी पेढी कशी बुडते, मुक्या जनावराशी दगाबाजी म्हणजे काय, वगैरे. चांगली अर्ध्या तासाची तोफ झाली. छगनशेठचे डोळे पाणावले.

सगळे उठले. रंगनाथ मागं रेंगाळला.

"शेठ, समद्यांचं झालं का?"

"झालं."

"कुनी राहिलं नाय?"

"कोण राहणार?"

"बरं," म्हणाला आणि कुलूप आणायला गेला.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. मी उभ्या उभ्या तिघांचेही गुन्हे वाचून दाखवले. बाईंनी विचारलं, "कोणी, कधी, किती दिलं, याची नोंद?"

नोंद कुठून असणार! चोर काय लिहून ठेवतात का?

"हाय ना," रंगनाथ म्हणाला.

त्यानं बाजरीच्या थप्पीतली पोती बाजूला केली. मागं भिंत. भिंतीवर खडूच्या रेघा! हमाल पोती मोजताना मारतात तशा. रोजची एक ओळ. बाजार बंद असतो त्या अमावास्येला ओळीच्या जागी एक शून्य. अशा चाळीसच्या वर ओळी.

"रंगनाथ, हे काय?"

"बाई पहिल्या दिवशी म्हनल्या व्हत्या ना, तोंडात जाईल ते लिहा. मला लिहिता येत नाय. म्हनून मग रेघा मारल्या."

बाई भिंतीपाशी गेल्या. "ही आखूड रेघ कसली?"

"माझ्या भाकरीची."

"ही वाकडी?"

"छगनशेठच्या गुळाची."

"आणि ही लांब? रोज ओळीत पहिलीच आहे."

रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"ती शेठच्या पेढ्याची."



आता सांगायलाच हवं. रोज सकाळी दुकान उघडलं की मी देवाची पूजा करतो. नैवेद्याला एक पेढा. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा मी खातो, अर्धा लोकवन. सात वर्षांचा नेम! तो वहीत लिहायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शप्पथ सांगतो, लपवलं नव्हतं. प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का?

सुमन मागं उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "पोळी मात्र खाणं असते!"

बाईंनी वही मागितली. सुमनचा खाजेचा रकाना उघडला. अमावास्येचं शून्य धरून भिंतीवरच्या ओळी मोजल्या आणि बोट एका जागी थांबवलं.

"काका, इथं दहा-बारा दिवस लांब रेघ नाही. आखूड रेघा आहेत, गुळाच्या आहेत. लांब नाही. आणि वहीत त्याच दिवसांच्या शेवटाला काकूंनी लिहिलंय, आज कमी, आज झोपला, आज खाजवलं नाही. तेव्हा काय झालं होतं?"

मी आठवलं. "सुतक होतं. आमचे एक चुलत चुलते वारले."

"सुतकात तुमच्याकडं पोळी बंद असते?"

"नाही."

"भाकरी?"

"नाही."

"मग काय बंद असतं?"

"पूजा."

"पूजेत काय असतं?"

उत्तर लोकवननं दिलं. त्यानं देवाच्या फोटोकडं बघून शेपूट हलवली!

*

त्यानंतरचे दोन महिने सगळं खरंखुरं झालं. फक्त त्या गोळ्या. पोळी गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्याला, गूळ छगनशेठच्या कुलपात, भाकरी रंगनाथ माझ्या गादीवर बसून, लोकवनकडं पाठ करून खायचा. पोटावर केस परत आले. मग बाईंनी एकेक जिन्नस तपासायला लावला. गहू दिला, काही नाही. बाजरी दिली, काही नाही. गूळ, काही नाही. चमचाभर दूध दिलं आणि तिसऱ्या दिवशी फळी पुन्हा धडधडायला लागली.

मी बाजारभर सांगत सुटलो, "बघा! मी म्हणत नव्हतो? धान्य निर्दोष सुटलं!"

छगनशेठ चहा फुंकत म्हणाले, "सुटलं हो. धान्य सुटलं, धान्यवाला सापडला."

मिशीचं कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच उतरवून आलो. सुमननं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

*

एक शेवटचं सांगतो.

मागच्या दिवाळीला दुकानाचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यानं थप्पी हलवली आणि मला हाक मारली. "शेठ, भिंतीवर खडू आहे. खरवडून घेऊ का?"

"तेवढी जागा सोड."

"वाईट दिसंल."

"दिसू दे."

तो जवळ जाऊन बघायला लागला. सगळ्या ओळी जिथं संपतात, तिथून बरंच खाली, एकटीच एक रेघ आहे. लांब.

खाज गेल्यावर लोकवन अजून तीन वर्षं होता. भाकरी खाल्ली, पोळी खाल्ली, उंदरांना वाट दिली. पेढा नाही. रोज सकाळी पूजेच्या वेळी समोर येऊन बसायचा, मी अर्धा पेढा खायचो, उरलेला अर्धा कागदात बांधायचो, आणि तो उठून जायचा. एकदाही भुंकला नाही. भुंकला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या शेवटच्या सकाळी डॉक्टरीणबाई इंजेक्शनाची पेटी घेऊन आल्या होत्या. लोकवन गव्हाच्या पोत्यावर पडून होता. दोन दिवस त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. छगनशेठ दुकान उघडं टाकून आले होते. सुमन त्याच्या डोक्याशी बसली होती.

पूजा झाली. पेढा माझ्या हातात. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

मी अख्खा दिला.

त्यानं सावकाश खाल्ला. मग माझा तळहात चाटला, बोटांच्या मधूनसुद्धा. शेपूट पोत्यावर दोनदा वाजली.

रंगनाथ भिंतीपाशी उभा होता. हातात खडू.

"शेठ, मारू का?"

"राहू दे रे आता," छगनशेठ म्हणाले. "आता कोण बघणार आहे?"

मी म्हटलं, "मार."

तर असं आहे. चहा गार झाला तुमचा, दुसरा सांगतो. आणि तुमच्याही घरात कधी अशी वही ठेवायची वेळ आली, तर एवढं माझं ऐका. खरं लिहा. आपल्या हातानं गेलं असेल ते आधी लिहा.